आधी ताट, मग झाडू

सामान्य काळातील अठरावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यशया ५५:१-३, रोमकरांस ८:३५, ३७-३९, मत्तय १४:१३-२१



आजच्या शुभवर्तमानात संध्याकाळ झाली आहे आणि जागा ओसाड आहे. लोक दिवसभर प्रभूजवळ थांबलेले आहेत. शिष्यांना काळजी वाटते आणि ते व्यवहाराला धरून एक सूचना करतात : लोकांना निरोप द्यावा, म्हणजे ते गावात जाऊन आपापले अन्न विकत घेतील. प्रभू येशू ही सूचना मान्य करीत नाही. त्यांनी जाण्याची गरज नाही, तुम्हीच त्यांना खायला द्या, असे तो सांगतो. पाच भाकरी आणि दोन मासे एवढाच साठा आहे. तो लोकांना गवतावर बसवतो, आभार मानतो, भाकरी मोडतो आणि शिष्यांच्या हाती देतो. सर्व जण पोटभर जेवतात आणि बारा टोपल्या उरतात.

या उताऱ्यातील शेवटचे वाक्य आपण बहुधा घाईत ऐकतो. जेवणारे पुरुष सुमारे पाच हजार होते, स्त्रिया आणि मुले वेगळी, असे मत्तय सांगतो. म्हणजे त्या दिवशी मुलांची मोजदादसुद्धा झाली नाही. जेवण मात्र त्यांना मिळाले. त्या गर्दीत एखाद्या मुलाला थांबवून, "बाळा, जेवायला बसतोस खरा, पण तू आज काम काय केलेस?" असे कोणी विचारल्याचे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही.

पहिल्या वाचनात यशया संदेष्टा तर ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनाच हाक मारतो. या, धान्य घ्या, दूध घ्या, दाम मोजू नका, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

ही वाचने दर तीन वर्षांनी येतात आणि आम्ही ती दर वेळी आनंदाने वाचतो. या वेळी मात्र ती वाचताना आम्हाला थोडी लाज वाटली. ती का वाटली, हे या रविवारी आपल्यासमोर मोकळेपणाने मांडायचे आम्ही ठरवले आहे.

आपल्या सभागृहात काय घडले

आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की दर शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात पाड्यावरच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग भरतो. वर्ग सुरू होण्याआधी मुलांना जेवण मिळते : डाळ-भात, एक भाजी आणि परवडेल तेव्हा अंडे. या जेवणाचा खर्च आपण प्रायश्चित्तकाळात जमवलेल्या पैशांतून आणि काही कुटुंबांच्या देणग्यांतून होतो. पुष्कळ मुले सकाळी नुसत्या कोऱ्या चहावर घराबाहेर पडलेली असतात. त्यामुळे आधी जेवण आणि मग अभ्यास हा क्रम सिस्टरांनी पहिल्यापासून ठेवला होता.

गेल्या वर्षी एका बैठकीत सूचना आली की या मुलांना जेवणाच्या बदल्यात काहीतरी काम द्यावे. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. "फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही," "आज हात पसरायची सवय लागली तर उद्या सुटणार नाही," "आमची मुले घरी काम करतात, मग यांनी का करू नये?" असे मुद्दे मांडले गेले. देणगी देणाऱ्या काही जणांनी, आपण घाम गाळून पैसे देतो, तेव्हा त्यांचा योग्य वापर व्हावा, असे म्हटले. तेही खरेच होते. चर्चा फार लांबली नाही. जेवायला बसण्यापूर्वी मुलांनी सभागृह झाडायचे आणि जेवणानंतर भांडी घासायची, असे ठरले. आम्ही सर्वांनी मान डोलावली. आमच्यापैकी एकानेही विरोध केला नाही.

काही आठवडे सर्व सुरळीत चालले. सभागृह स्वच्छ दिसू लागले. मुले शिस्तीची झाली म्हणून आम्हाला समाधानही वाटले. मग एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ यायचे बंद झाले. आजारी असतील असे आम्हाला वाटले. तिसऱ्या शनिवारीही ती आली नाहीत, तेव्हा सिस्टर पाड्यावर चौकशीला गेल्या. मुलांची आई घरीच होती. तिने तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. ती एवढेच म्हणाली, "सिस्टर, मी चार घरची भांडी घासते. पोरांना घासायला लागू नयेत म्हणून तुमच्याकडे पाठवत होते."

सिस्टरांनी परत येऊन हे सांगितले तेव्हा बैठकीत कोणाला काही बोलता आले नाही.

आणखी एक गोष्ट त्यानंतर आमच्या लक्षात आली. त्याच सभागृहात शनिवारी सकाळी आपल्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो. वर्ग संपल्यावर त्यांना खाऊ मिळतो, कधी समोसा, कधी केक. कागदी बशा आणि सरबताचे पेले तिथेच पडलेले असतात. दुपारी पाड्यावरची मुले येऊन जे झाडत होती, तो कचरा आपल्या मुलांचा होता. आपल्या मुलांनी खाऊच्या बदल्यात काही काम करावे, असे कोणत्याही बैठकीत कधी कोणी सुचवले नव्हते. त्यांचा खाऊही चर्चच्याच पैशांतून येतो. हा फरक आमच्या नजरेतून सुटला होता. मुलांच्या नजरेतून तो सुटला असेल असे आम्हाला वाटत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही

असा विचार करणारे आपण पहिलेच नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे काँग्रेस सदस्य जॅक किंग्स्टन यांनी एका सभेत असेच सुचवले होते. शाळेत मोफत जेवणाऱ्या मुलांनी थोडी नाणी द्यावीत किंवा जेवणघराची जमीन झाडावी, म्हणजे जगात काही फुकट मिळत नाही हे त्यांना कळेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठी टीका झाली. आपला रोख एका विशिष्ट वर्गाच्या मुलांवर नव्हता, असा खुलासा त्यांनी पुढे केला.

वास्तविक त्या देशाने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. तेथील शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा १९४६ साली झाला. जे मूल पैसे देऊ शकत नाही त्याच्या बाबतीत भेदभाव करू नये, असे त्यात सांगितलेले आहे. पुढे नियम अधिक स्पष्ट झाले. मोफत जेवणास पात्र असलेल्या मुलांची नावे जाहीर करू नयेत, त्यांना वेगळ्या रांगेत उभे करू नये, वेगळ्या जागी बसवू नये आणि जेवणासाठी त्यांच्याकडून काम करून घेऊ नये, असे नियम तेथे आहेत. तरीही जेवणाचे पैसे थकलेल्या मुलांना काही शाळांत टेबले पुसायला लावत. कुठे मुलांच्या हातावर शिक्का मारत, तर कुठे हातातील गरम जेवण काढून घेऊन टाकून देत.

हे थांबवण्यासाठी न्यू मेक्सिको राज्याने एप्रिल २०१७ मध्ये कायदा केला. तो मांडण्यात पुढाकार घेणारे सिनेटर मायकल पडिला यांचे बालपण परक्यांच्या आश्रयाने गेले होते. शाळेत जेवण मिळावे म्हणून त्यांनी लहानपणी जेवणघराची फरशी पुसली होती. स्वयंपाकघरातील बायकांनी आपल्याला मायेने वागवले, हे ते कृतज्ञतेने सांगतात. पण हा मुलगा गरीब आहे हे साऱ्या शाळेला दिसत होते, हेही ते सांगतात. फरशी पुसल्याने त्यांचे हात दुखले असतील तर ते दुखणे केव्हाच थांबले असेल. आपण सर्वांना गरीब म्हणून दिसतो ही जाणीव मात्र मोठेपणी कायदा करीपर्यंत त्यांच्या मनात राहिली.

आपल्या देशातही शाळेतले जेवण आता कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. मद्रास राज्यात मुख्यमंत्री कामराज यांनी १९५० च्या दशकात शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ती योजना फार मोठी केली. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण अनेक राज्यांत मुलांच्या हाती नुसते महिन्याचे धान्य पडत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला आणि आपल्या शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना हे जेवण विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, हे त्याचे प्रमाण आहे. शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे किती, ते घरी वाटीत घेऊन पाहा. एवढ्याशा तांदळासाठी आपण एका मुलाला काय करायला लावणार?

पण संत पौल काय म्हणतो?

आमच्याशी बोलताना काही जणांनी थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा दाखला दिला. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे संत पौलच सांगतो ना? होय, तो असे सांगतो (३:१०). पण हे कोणाला सांगितले आहे, तेही पाहायला हवे. थेस्सलनीका येथील काही धडधाकट माणसे कामधंदा सोडून बसली होती आणि इतरांच्या कामात लुडबुड करीत होती. त्यांना पौल खडसावतो. ज्याला काम करता येत नाही त्याच्याविषयी तो हे बोलत नाही, ज्याची काम करायची इच्छा नाही त्याच्याविषयी बोलतो. ते बोलण्यापूर्वी आपण स्वतः रात्रंदिवस कष्ट करून भाकर खाल्ली याची तो आठवण देतो.

मुलांविषयी पौलाचे मत हवे असेल तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय वाचावा. मुलांनी आईबापांसाठी साठवायचे नसते, आईबापांनी मुलांसाठी साठवायचे असते, असे तो तेथे सांगतो (१२:१४). भाकर कमावण्याचे ओझे मोठ्यांच्या खांद्यावर आहे. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर विश्वपत्र लिहिले. मुलांची शरीरे आणि मने पक्व होण्यापूर्वी त्यांना कारखान्यांत जुंपू नये, असे त्यांनी त्यात बजावले. ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत कधी संदिग्ध नव्हती.

मग मुलांनी काम करूच नये का?

असे मुळीच नाही. आपली पिढी कामातच वाढली. शाळेत जाण्यापूर्वी केळीच्या वाडीला पाणी लावले, फुले खुडली, भाजीच्या जुड्या बांधल्या, विहिरीवरून पाणी आणले. त्याने आपले काही वाईट झाले नाही. उलट आज आपल्या घरांतील मुले स्वतःचे ताटही उचलत नाहीत, ही आपलीच तक्रार असते. श्रमाची लाज बाळगणारी मुले वाढवणे हाही दोषच आहे. नासरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत.

पण आपले बालपण आठवून पाहा. वाडीला पाणी लावले नाही म्हणून आईने कधी ताट काढून घेतले का? ती रागावली असेल, दोन धपाटे घातले असतील. जेवायला मात्र तिने हाक मारलीच. आपण घरचे म्हणून काम करीत होतो आणि घरचे म्हणूनच जेवत होतो. कामाच्या बदल्यात जेवण असा सौदा त्या घरात नव्हता.

महाराष्ट्राला श्रमाची थोरवी कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिकवली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. त्यांच्या वसतिगृहातील मुले शेतात राबत, आपले काम आपणच करीत. आमच्या बैठकीतही त्यांचे नाव घेतले गेले होते. पण कर्मवीरांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. एका जातीच्या मुलाने झाडायचे आणि दुसऱ्याने बसून राहायचे, असा प्रकार तेथे नव्हता. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा काय झाले, तेही आठवावे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिले आणि मुलांना जेवू घातले. आज काम कमी झाले म्हणून जेवण कमी मिळेल, असे त्या माउलीने मुलांना सांगितले नाही. 'कमवा आणि शिका'चा दाखला देणाऱ्या आम्हाला त्या बैठकीत लक्ष्मीबाईंची आठवण झाली नाही, हे आमचे चुकले.

जपानमधील शाळांचे उदाहरणही बोलके आहे. तेथे शालेय भोजनाची सुरुवात १८८९ साली त्सुरुओका या गावी झाली. एका मंदिरात चालणाऱ्या शाळेतील गरीब मुलांना बौद्ध भिक्षूंनी भाताचे गोळे आणि मासे खाऊ घातले. आज त्या देशातील शाळांत दुपार झाली की पाळीची मुले पांढरा झगा आणि टोपी घालतात, जेवण आणतात आणि वर्गात सर्वांना वाढतात. शिक्षकही त्यांच्याबरोबरच जेवतात. मुले वर्गाची साफसफाईही मिळून करतात. डॉक्टरांचा मुलगा वाढतो आणि मजुराचा मुलगाही वाढतो. फी भरणे परवडत नाही अशा कुटुंबांना मदत मिळते, पण कोणत्या मुलाला ती मिळते हे झाडूवरून ओळखता येत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेतही हे शहाणपण आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातील पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघराविषयी आहे. बंधूंनी एकमेकांची सेवा करावी आणि आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कोणालाही स्वयंपाकघरातील पाळी चुकू नये, असे तेथे सांगितले आहे. पुढची सूचना तर फार मायेची आहे. ज्यांची वाढण्याची पाळी असेल त्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यावे, म्हणजे त्यांना कुरकुर न करता सेवा करता येईल. प्रौढ, व्रतस्थ माणसांनाही उपाशीपोटी कामाला लावू नये असे त्या संताला वाटले. आम्ही मात्र आठ-नऊ वर्षांच्या उपाशी मुलांच्या हाती आधी झाडू दिला.

तेव्हा काम चांगले की वाईट, हा आपल्यापुढचा प्रश्न नाही. आम्हाला तीन गोष्टी तपासून पाहाव्याशा वाटतात. पहिली, काम सर्व मुले करतात की फक्त गरीब मुले? दुसरी, मूल कामाला लागते तेव्हा त्याच्या पोटात अन्न आहे का? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, एखाद्या दिवशी मुलाने काम केले नाही तर त्याचे ताट त्याला मिळणार की नाही? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर आपण मुलाला श्रमाची गोडी लावत नाही. तुझी भूक आमच्या हातात आहे, एवढेच आपण त्याला शिकवतो.

उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या

आता पुन्हा आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. त्या दिवशी कामही झालेच होते. भाकरी वाटण्याचे काम शिष्यांनी केले. एवढ्या माणसांना वाढायचे म्हणजे पाय दुखले असतील. लोकांचे जेवण झाल्यावर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करण्यात आले. म्हणजे ज्यांना प्रभूने जवळून ओळखले होते, जे त्याच्याबरोबर रोज जेवत होते, त्यांच्यावर त्याने काम सोपवले. उपाशी आलेल्यांना त्याने गवतावर बसायला सांगितले. आणि आवराआवर झाली ती जेवणानंतर, सर्वांची पोटे भरल्यावर.

योहानाच्या शुभवर्तमानात ही घटना येते तेव्हा त्या पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळ होते असे कळते (६:९). त्या मुलाकडून ते कोणी हिसकावून घेतल्याचे योहान सांगत नाही. मुलांनाही द्यायला आवडते. त्यांच्यातील दातृत्व आपोआप फुलते, पण त्यासाठी आपण इथले आहोत असे त्यांना वाटावे लागते.

आपण आता थोड्याच वेळात ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यासाठी रांगेत उभे राहणार आहोत. या आठवड्यात तू कोणते काम केलेस, असे वेदीसमोर आपल्याला कोणी विचारणार नाही. आपली त्यासाठी पात्रता नाही, हे आपण स्वतःच्या तोंडाने कबूल करतो आणि तरीही आपल्याला भाकर मिळते. ती खाऊन आपण बाहेर पडतो आणि मग सेवेला लागतो. प्रभूच्या घरचा क्रम हाच आहे. ज्यांना दर रविवारी अशी मोफत भाकर मिळते, त्यांनी शनिवारच्या डाळ-भातावर किंमत लावली, हे आज वाचने ऐकताना आमच्या मनाला लागले.

आता काय करायचे?

तो नियम आम्ही रद्द केला आहे, हे आपल्याला कळवायला हवे. सिस्टर त्या आईला भेटून आल्या आणि आमच्या वतीने तिची क्षमा मागितली. मुलगी आणि तिचा भाऊ पुन्हा येऊ लागले आहेत. सुरुवातीचे दोन शनिवार मुलगी दाराशीच थांबून झाडू कुठे ठेवला आहे ते पाहत होती, असे सिस्टर सांगतात. अशी जखम भरायला वेळ लागतो.

नव्या पद्धतीप्रमाणे धर्मशिक्षणाचा वर्ग आणि अभ्यासवर्ग यांची मुले शनिवारी एकाच पंगतीला जेवतात. जेवण झाल्यावर पाळीप्रमाणे पाच मुले आणि दोन मोठी माणसे सभागृह आवरतात. पाळीच्या यादीत सर्वांची नावे आहेत, आमचीही आहेत. यावर काही पालकांनी नाराजी कळवली. आपल्या मुलाला झाडायला का लावले, असे त्यांनी विचारले. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण आमची त्यांना विनंती आहे की हाच प्रश्न त्या दुसऱ्या मुलांसाठी आपल्यापैकी कोणी विचारला नव्हता, याचा शांतपणे विचार करावा. पुढील बैठकीत यावर बोलणे होणार आहे. ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी अवश्य यावे. शक्य असेल तर त्याआधी एका शनिवारी मुलांबरोबर जेवायला यावे.

या आठवड्यासाठी घरीही काही गोष्टी करता येतील. "काम नाही तर जेवण नाही" हे वाक्य आपण रागाच्या भरात मुलांना सहज बोलून जातो. ते या आठवड्यापासून सोडून देऊ या. मुलांना काम जरूर सांगावे, मुलाला आणि मुलीला सारखेच सांगावे, पण ताटाला धमकी जोडू नये. आपल्या घरी भांडी घासायला किंवा वाडीत काम करायला येणाऱ्या बाईंबरोबर कधी त्यांचे मूल येते. त्याच्या हाती काही देण्यापूर्वी, "जरा एवढे उचल रे," असे आपण सांगतो का, तेही पाहावे. त्या मुलाला आधी बसवावे, खायला द्यावे, त्याचे नाव विचारावे.

येत्या १० ऑगस्टला संत लॉरेन्सचा सण आहे. रोम शहरातील हा दीक्षित सेवक २५८ साली रक्तसाक्षी झाला. चर्चचा खजिना हजर कर, असे अधिकाऱ्याने फर्मावले तेव्हा तो गोरगरिबांना घेऊन आला आणि हाच आमचा खजिना असे म्हणाला, अशी परंपरा आहे. आपल्या सभागृहात दर शनिवारी तो खजिना येऊन बसतो. त्याच्याकडून आपण जेवणाचे मोल वसूल करू नये.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू ओसाड रानात भुकेल्यांना जेवू घातलेस आणि कोणालाही त्याची किंमत विचारली नाहीस. आम्ही तुझ्या लेकरांच्या ताटापुढे अट ठेवली, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. आमच्या मुलांना कष्टाची आवड दे आणि कष्ट करणाऱ्यांविषयी आदर दे. पाड्यावरच्या आणि आमच्या घरच्या मुलांना एकाच पंगतीत बसवण्याचे धैर्य आम्हाला दे. उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या उचलायला आमचे हात पुढे येऊ देत. आमेन.